४४७१ मध्ये काय आहे?

"उद्या सकाळी दहा वाजता," डॉक्टर इनामदार म्हणाल्या आणि पप्पांनी मान हलवली.

मान हलवायला काय लागतंय, असं ओजस्वीच्या मनात आलं. उद्या दहा वाजता शीतल आत्याच्या गळ्याला भोक पाडून कायमची नळी बसणार, छातीतला पेसर बंद होणार आणि आत्याचं बोलणं संपणार. मानेखाली काहीच हलत नसलेल्या बाईकडे बोलण्याशिवाय दुसरं असतं काय? आणि तिचा हा सख्खा भाऊ, दुकानात गिऱ्हाइकाला 'उद्या या' म्हणावं तशी मान हलवतोय.

"आणि त्याआधी कारण सापडलं तर?" तिनं विचारलं.

डॉक्टरांनी चष्मा कपाळावर सरकवला. मिरजेच्या त्या हॉस्पिटलात त्यांना सगळेच घाबरत. ओजस्वीही घाबरायची, पण दोन दिवस बाकावर काढले की घाबरायचासुद्धा कंटाळा येतो.

"कसलं कारण?"

"पेसर का थांबतो त्याचं."

"हे बघ बाळ, दहा दिवसांत दोनदा थांबलाय. दोन्ही वेळा तुझ्या पप्पांनी हातानं श्वासाचा फुगा दाबत तिला जगवलंय. तिसऱ्यांदा घरी कुणी नसलं तर? कारण सापडलं, मला पटलं, तर थांबवते मी. दहा वाजेपर्यंत." त्या वळल्या आणि परत थांबल्या. "शाळेच्या प्रोजेक्टसारखं नको. कारण म्हणजे कारण पाहिजे."

ओजस्वी मगदूम, इयत्ता नववी पास, परवाच दहावीत गेलेली, हिला एरवी असं कुणी बोललं असतं तर तिनं तिथल्या तिथं सुनावलं असतं. कारण तिचा 'शाळेचा प्रोजेक्ट' तीनशे चाळीस माणसांच्या छातीत चालत होता, आणि त्यासाठी तिला मार्चमध्ये राज्याचं पारितोषिक मिळालं होतं. पण आत्ता ती बाकावर बसली आणि लॅपटॉप उघडला.

पेसर म्हणजे काय ते इथंच सांगून टाकलेलं बरं. आपण श्वास घेतो म्हणजे मेंदू मिनिटाला पंधरा-सोळा वेळा मानेतून एक निरोप खाली धाडतो. तो छातीखालच्या पडद्याला पोचला की पडदा खाली ओढला जातो आणि हवा आत येते. सात वर्षांपूर्वी आत्याची स्कूटर उसाच्या ट्रॉलीला धडकली आणि मानेतला तो रस्ताच तुटला. मेंदू निरोप धाडतोय, पण पोचवणार कोण? म्हणून कॉलरबोनच्या खाली काडेपेटीएवढं यंत्र बसवतात आणि त्यातून दोन बारीक तारा थेट त्या पडद्याच्या नसांना जोडतात. पूर्वीची यंत्रं घड्याळासारखी ठोके द्यायची. तुम्ही वाक्याच्या मध्यात असा नाहीतर घास गिळत असा, ठोका पडला की श्वास घ्यायचाच. नवा पेसर मात्र आधी रक्ताला विचारतो. कानामागं एक पट्टी चिकटवायची. ती कातडीतून रक्तातला कार्बन डायऑक्साइड मोजते. तो वाढला की पेसर म्हणतो, घ्या श्वास. कमी असला की म्हणतो, बसा निवांत, घाई नाही. या एवढ्याशा विचारपुशीमुळे आत्या पुन्हा लांबलचक वाक्यं बोलायला लागली होती, पप्पांना टोमणे मारायला लागली होती, आणि जयसिंगपूरच्या नवव्या गल्लीतल्या खोलीत पडल्या पडल्या दहावीच्या चाळीस पोरांना तोंडी भूमिती शिकवत होती. पट्टी तेवढी दर दहा दिवसांनी बदलायची.

पेसरच्या आतला कोड ओपन सोर्स होता. कुणीही वाचा, सुधारा, वापरा. 'मोकळा श्वास' नावाच्या त्या प्रकल्पात जगभरचे हौशी लोक काम करायचे. पुण्याच्या वायुजा कंपनीसारख्या मोठ्या कंपन्याही तोच कोड आपल्या महागड्या पेसरमध्ये घालायच्या आणि अधूनमधून सुधारणा परत द्यायच्या. काही बिघडलं की ते बग ट्रॅकरवर लिहायचं, असा रिवाज. बग ट्रॅकर म्हणजे उघडी वही. प्रत्येक तक्रारीला एक क्रमांक आणि एक पान मिळतं, त्याला इश्यू म्हणतात, आणि त्या पानावर कुणीही येऊन लिहू शकतं. वायुजाचीही स्वतःची अशी वही होती. फरक एवढाच की ती कुलपात होती.

दोन दिवसांपासून ओजस्वी गेल्या अपडेटमधले दोनशे बारा बदल एकेक करून वाचत होती. दहा आठवड्यांपूर्वी हे अपडेट सगळ्यांच्या पेसरमध्ये गेलं होतं. थांबणं त्यानंतरचंच, म्हणजे चोर या दोनशे बारांत होता. एकशे नव्वद वाचून झाले होते. एकशे एक्क्याण्णवावा उघडला आणि तो कुणाचा आहे ते बघितलं.

तिचाच होता.

तोच तो पारितोषिकवाला. जुन्या कोडमध्ये वायुजानं घातलेली एक ओळ होती. नवी पट्टी लावल्यावर पहिली चारशे मिनिटं पट्टीचं ऐकू नको, घड्याळाप्रमाणे श्वास दे. शेजारी कारणाच्या जागी फक्त तीन शब्द. 'आतला ४४७१ पाहा.' ४४७१ उघडायला गेलं की वायुजाचा पासवर्ड मागायचे. पट्टी बदलली की आत्या साडेसहा तास हैराण व्हायची. "अर्ध्या वाक्यात हवा भरतंय गं माझ्यात, सायकलच्या पंपागत," म्हणायची. मग जानेवारीत ओजस्वीनं चार दिवस चाचण्या घेतल्या. पट्ट्या पहिल्या मिनिटापासून अचूक चालत होत्या. चारशे मिनिटं डोळ्यांवर पट्टी बांधून चालायचं कशाला? तिनं ओळ काढून टाकली. बॅटरीसुद्धा अकरा टक्के जास्त चालायला लागली. प्रकल्पातल्या थोरामोठ्यांनी शाबासकी दिली, आणि आत्यानं पट्टी बदललेल्या दिवशी पहिल्यांदाच सलग दोन तास शिकवलं.

आत्यासाठीच तर केलं होतं ते.

दोन्ही वेळा पेसर थांबला तो पट्टी बदललेल्या दिवशी. हे घरात सगळ्यांना माहीत होतं, पण काढलेली पट्टी हॉस्पिटलनं तपासली तर ती ठणठणीत निघाली. हॉस्पिटलनं आपली नवी लावली, तीही नीट. मग पट्टीचं नाव कुणी घेतलं नाही.

ओजस्वी धावत डॉक्टरांच्या खोलीत गेली. एका दमात सगळं सांगितलं. ओळ परत घालते, पाच मिनिटांचं काम, म्हणाली.

डॉक्टरांनी पूर्ण ऐकून घेतलं. "चारशेच का?"

"म्हणजे?"

"तीनशे का नाही? सातशे का नाही? चारशे एकाव्या मिनिटाला थांबणार नाही कशावरून? आणि वर्षभर पट्ट्या नीट चालल्या, तुझ्या चाचणीत नीट चालल्या, आत्ता नीट चालताहेत. मग त्या दोनच का फसल्या?"

ओजस्वी लॅपटॉपात ती ओळ पुन्हा शोधायला लागली.

"बिनकारणाची ओळ तू काढलीस," डॉक्टर म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज वाईट नव्हता, तेच जास्त वाईट होतं. "आता बिनकारणाचीच परत घालायची म्हणतेस. माझ्या पेशंटच्या शरीरात हे मी एकदा होऊ दिलं. दुसऱ्यांदा नाही."

*

आत्याच्या तोंडात व्हेंटिलेटरची नळी होती. डोळ्यांसमोर कॉम्प्युटरचा पडदा टांगला होता. त्यावरच्या अक्षरांकडे बघितलं की अक्षर उमटायचं आणि शेवटी गुळगुळीत आवाजाची एक यांत्रिक बाई ते वाचून दाखवायची. आत्याला त्या बाईचा इतका राग होता की तिनं तिचा आवाज बंदच करायला लावला होता.

"आत्या, मी काढली ती ओळ," ओजस्वी म्हणाली. "तुझा श्वास माझ्यामुळं थांबला."

आत्यानं तिच्याकडे बघितलं. मग नजर पडद्यावर गेली. एकेक अक्षर यायला कितीतरी वेळ लागला.

'मला बरं वाटावं म्हणून.'

"हो."

'वाटलं की. दोन महिने.'

ओजस्वीचं नाक वाहायला लागलं. रुमाल सापडेना म्हणून तिनं ओढणीच धरली.

'ओळ कुणाची?'

"वायुजाच्या कुणा मुग्धा धुमाळची. नाव आहे तिथं. कारण त्यांच्या कुलपात आहे."

'मग तिला विचार. रडायला संध्याकाळ आहे.'

*

मुग्धा धुमाळ यांनी तिसऱ्या वेळी फोन उचलला. मागं ऑफिसचे आवाज होते, मग दार लागल्याचा आवाज आला आणि शांत झालं.

"तू ती अकरा टक्केवाली ना? पेपरात फोटो होता तुझा."

"मॅडम, ४४७१ मध्ये काय आहे?"

"मी सांगू शकत नाही. सही केलीय मी. आतलं बाहेर बोलायचं नाही."

"बोलू नका. उघड्या ट्रॅकरवर लिहा."

"ते तर आणखीच." त्या हसल्या, पण त्या हसण्यात हसू नव्हतं. "अगं, मी दोनदा अर्ज केला होता. आपल्या सगळ्या बगांची नोंद उघड्या ट्रॅकरवर करूया म्हणून. कोड उघडा आहे, मग त्याची दुखणी कुलपात कशाला? तर म्हणाले, आमच्या चुका बाजारात वाळत घालायच्या का? गिऱ्हाइकं पळतील, स्पर्धक टपलेत. दुरुस्ती देतोय ना फुकट, म्हणाले, मग कारण कशाला द्यायचं?"

"कारण न दिल्यामुळंच मी ती काढली."

"मग माझ्यावर ढकलू नकोस. काढण्याआधी विचारायचं होतंस मला. नाव होतं की माझं तिथं. आज केलास तसा फोन जानेवारीत करता आला असता."

खरंच होतं ते. ४४७१ ला कुलूप दिसलं तेव्हा तिला राग आला होता आणि थोडा आनंदही झाला होता. हे कंपनीवाले, यांना काय कळतंय, असा. विचारावं असं एकदाही वाटलं नव्हतं.

"उद्या दहा वाजता माझ्या आत्याचा गळा कापणार आहेत," ती म्हणाली. "ती शिकवते. ती फक्त बोलू शकते, मॅडम, दुसरं काहीच करू शकत नाही."

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"तू मला म्हणतेस, उघड्यावर लिही," धुमाळ मॅडम शेवटी म्हणाल्या. "माझी नोकरी जाईल त्यात. तू लिहिशील? तुझी चूक, तुझ्या नावानं, सगळ्या जगापुढं? त्याच ओळीवर पारितोषिक आहे तुझं. अजून कॉलेज व्हायचंय. हे नाव शोधलं की आयुष्यभर पहिलं तेच दिसेल." आणि फोन ठेवला.

ओजस्वीनं बाकावर बसूनच लिहायला घेतलं. 'एक चूक झाली असण्याची शक्यता आहे' असं पहिलं वाक्य लिहिलं आणि खोडलं. 'प्रकल्पाकडून' असं दुसरं लिहिलं, तेही खोडलं. पप्पा चहा घेऊन आले, वाचून म्हणाले, "नाव नको घालूस की. नुसतं 'एका कार्यकर्तीनं' लिही."

"पप्पा, तसंच तर त्यांनीही केलंय."

मग तिनं एका झटक्यात लिहिलं.

'४४७१ मध्ये काय आहे? जानेवारीत मी, ओजस्वी मगदूम, पट्टीनंतरची चारशे मिनिटांची ओळ काढली. कारण मला माहीत नव्हतं आणि मी विचारलं नाही. त्यानंतर माझ्या आत्याचा श्वास दोनदा थांबला. सगळ्यांनी आजच्या आज पट्टी बदलणं थांबवा. आणि कुणाला काहीही माहीत असेल, कितीही बारीक, तर इथं लिहा. आमच्याकडे उद्या सकाळी दहापर्यंत वेळ आहे.'

बुधवारी सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी पान सगळ्यांना दिसायला लागलं.

पहिला तास शिव्यांचा होता. 'पोरासोरांच्या हाती माणसांचे श्वास दिलेत', 'पारितोषिक परत करा', असं बरंच. ओजस्वीनं सगळं वाचलं, कारण मध्येच काहीतरी खरं निघालं तर? साडेअकराला वायुजाच्या कुणा साहेबांचा पप्पांना फोन आला. मुलगी अल्पवयीन आहे, तिला सांगा आमचे आतले क्रमांक उघड्यावर टाकू नका, कायद्याचं प्रकरण होईल.

"हां हां," पप्पा म्हणाले. "सांगतो की. पण तिची आत्याच सांगेल तिला नीट. उद्या दहानंतर तिला बोलता येतंय का बघा, मग फोन करा." आणि फोन ठेवून त्यांनी भिंतीला हात टेकला. मघाशी मान हलवणारा हा माणूस किती घाबरलाय, ते ओजस्वीला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

पाऊण वाजता पानावर मुग्धा धुमाळ यांचं नाव उमटलं. ४४७१ जसाच्या तसा चिकटवला होता. ओजस्वीनं श्वास रोखून वाचला. अख्खा इश्यू चार ओळींचा होता.

'सहा पेशंट. नवी पट्टी लावल्यावर काही तास आकडा खरा असतो त्यापेक्षा कमी दिसतो. पेसरला वाटतं श्वास पुरेसा झाला, तो थांबतो. कारण सापडलं नाही. चारशे मिनिटं वाट पाहिल्यावर पुन्हा घडलं नाही, म्हणून बंद.'

तिनं खाली सरकवून बघितलं. आणखी काही असेल. नव्हतं.

कारण सापडलं नाही.

म्हणजे एवढ्या कुलपात ठेवलं होतं ते हे. त्यांनाही माहीत नव्हतं. आपल्याला माहीत नाही, एवढीच गोष्ट त्यांनी जपून ठेवली होती. आणि या चार ओळींसाठी एका बाईनं आपली नोकरी पणाला लावली. तीन वाजता धुमाळ यांच्या नावापुढं 'आता या संस्थेत नाही' असं दिसलं.

ओजस्वीनं लॅपटॉप मिटला. कॉरिडॉरच्या टोकाला नळ होता, तिथं जाऊन तोंडावर पाणी मारलं. मग परत मारलं. आरशात कुणीतरी पारितोषिकवाली पोरगी दिसत होती, तिच्याकडं बघवेना. डॉक्टरांना आता सांगायचं काय? की मोठ्या कंपनीला कळलं नाही, आम्हालाही कळलं नाही, पण थांबा? ती आत्याकडे गेली आणि नुसतीच उभी राहिली. आत्यानं डोळ्यांनी विचारलं. तिनं मान हलवली. तिला पप्पांची मान आठवली, आणि अशी मान का हलते तेही कळलं.

आत्याची नजर पडद्यावर गेली. 'आकडा कमी. काही तासांनी आपोआप नीट. बरोबर?'

"हो."

'म्हणजे काहीतरी वाळतंय किंवा तापतंय. काय ते विचार.'

ओजस्वीनं ते पुन्हा वाचलं. मग पळाली.

तिनं पानावर लिहिलं. 'पट्टी लावल्यावर काय बदलतं? तुम्ही पट्ट्या कुठं ठेवता? कशा लावता? सगळं लिहा.'

आणि उत्तरं यायला लागली. बेळगावच्या एका सिस्टरनं लिहिलं, आम्ही स्पिरिटनं पुसून लावतो, कधी थांबला नाही. मालवणचे एक काका म्हणाले, आमच्या कपाटात असतात, काही त्रास नाही. कुणी ढाक्याहून लिहिलं, कुणी केनियातून. पाच वाजत आले तरी सगळे 'काही त्रास नाही'वालेच. ज्यांना त्रास झाला ते लिहायला उरले नसतील, असा एक विचार ओजस्वीच्या मनात आला आणि तिनं तो ढकलून दिला.

पाच वाजून दहा मिनिटांनी विजापूरहून एक उत्तर आलं. कानडीत होतं. खाली मराठी आपोआप उमटली.

'मी भाग्यश्री बिरादार. हे मी सहा आठवड्यांपूर्वी याच ट्रॅकरवर लिहिलं होतं, इश्यू १९०८. मी लिहिलं होतं की उन्हाळा सुरू झाल्यावर आम्ही पट्ट्या फ्रिजमध्ये ठेवायला लागलो, डब्यावर थंड जागी ठेवा असं लिहिलंय म्हणून. आणि तेव्हापासूनच बाबांचा पेसर पट्टी बदलली की अडखळतो. तुमच्या ट्रॅकरवरच्या, तक्रारी आपोआप तपासणाऱ्या यंत्रानं माझा इश्यू एका मिनिटात बंद केला. पेसरची फाइल जोडली नाही म्हणून. ती कशी जोडायची मला कळलं नाही. आठ दिवसांनी बाबा गेले. तुमच्या आत्यांना वाचवता आलं तर बघा.'

ओजस्वीनं ते दोनदा वाचलं. मग १९०८ उघडला. होता. लाल अक्षरांत 'बंद: माहिती अपुरी'. त्याखाली एकाही माणसाचं एकही अक्षर नव्हतं.

"पप्पा," ती म्हणाली. "आपण पट्ट्या कुठं ठेवतो?"

"फ्रिजच्या दारात. तुझ्या आईनं स्टीलच्या डब्यात घालून ठेवल्यात, इडलीच्या पिठाशेजारी. का?"

"कधीपासून?"

"ऊन वाढल्यापासून. गुढीपाडव्यानंतर. पंधरा-वीस दिवस झाले असतील."

फ्रिजमधून काढलेल्या थंड तांब्यावर जसं पाणी सुटतं, तसंच पट्टीखालच्या चिकट जेलमध्ये सुटत होतं. ओल आत, आकडा खाली. अंगाच्या उबेनं ती ओल वाळायला पाच-सहा तास लागायचे, आणि तोवर पेसरला वाटायचं, या बाईला हवा नकोय. हॉस्पिटलमध्ये तपासायला पोचेपर्यंत पट्टी कोरडी ठणठणीत. वायुजाच्या इंजिनिअरांना चारशे मिनिटं माहीत होती, फ्रिज माहीत नव्हता. बिरादारांच्या मुलीला फ्रिज माहीत होता, चारशे मिनिटं माहीत नव्हती. एक अर्धं कुलपात पडलं होतं आणि दुसरं, उघड्यावर असूनही, कुणी न वाचता पुसलं गेलं होतं. दोन्ही अर्धी एकाच पानावर आली असती तर विजापूरचा तो माणूस आज आंबे खात बसला असता.

*

डॉक्टर इनामदार नुसत्या तर्कावर हलणाऱ्या नव्हत्या. पप्पा जयसिंगपूरला जाऊन डबा घेऊन आले, खाली बर्फ घालून. गुरुवारी सकाळी सहाला, व्हेंटिलेटर चालू ठेवून, डॉक्टरांनी आत्याच्या एका कानामागं कोरडी पट्टी लावली आणि दुसऱ्या कानामागं फ्रिजमधली. एकाच माणसाचं रक्त, आकडे दोन. कोरडी म्हणाली चाळीस. थंड म्हणाली एकोणतीस. डॉक्टर खुर्ची ओढून समोर बसल्या आणि साडेतीन तास दोन आकडे एकमेकांकडे सरकताना बघत राहिल्या. मध्ये त्यांचा फोन तीनदा वाजला, त्यांनी पाहिलाही नाही.

साडेनऊला थंड पट्टीचा आकडा पस्तिसावर होता.

"दहाचं रद्द करा," त्या सिस्टरना म्हणाल्या. मग ओजस्वीकडे वळून, "हे सगळं लिहिलंस का तिथं?"

"लिहितेय."

"माझं नाव घाल. आकडे मी पाहिलेत असं लिही. आमच्या स्टोअरचाही फ्रिज आहे, नशिबानं बिघडलाय तो."

नळी शुक्रवारी दुपारी निघाली. तोवर ओजस्वीनं चारशे मिनिटांची ओळ परत घातली होती, शेजारी सात ओळींचं कारण लिहून. तक्रारी आपोआप बंद करणाऱ्या त्या यंत्राला सगळ्यांनी मिळून हटवलं होतं. कोडमध्ये वायुजाच्या कुलपाकडे बोट दाखवणारे आणखी साठ क्रमांक होते. प्रत्येकासाठी तिनं एक उघडं पान काढलं, '३९०२ मध्ये काय आहे?' असं विचारत. शुक्रवारपर्यंत साठांपैकी दोन पानांवर उत्तर आलं होतं, वायुजातल्याच वेगवेगळ्या माणसांकडून, आपापल्या नावानं. अठ्ठावन्न रिकामी होती. धुमाळ मॅडम फोन उचलत नव्हत्या.

आत्या पाणी प्यायली. खोकली. "काय अवतार केलायस," हे तिचं पहिलं वाक्य. आवाज चाळणीतून गाळल्यासारखा. "केस विंचर की जरा."

ओजस्वीला हसायचं होतं, पण तिनं लॅपटॉप पुढं केला. "आत्या, एक आलंय. मला उत्तर देता येत नाही."

१९०८ तिनं पुन्हा उघडला होता. तिथं तिनं लिहिलं होतं, तुमची तक्रार खरी होती, ती आम्ही वाचली नाही, माफ करा म्हणायलाही तोंड नाही. त्याखाली भाग्यश्री बिरादार यांचा एकच प्रश्न होता.

'माझं एवढंच विचारणं आहे. बाबांना शेवटी त्रास झाला असेल का?'

आत्यानं डोळे मिटले. पेसरनं दोन श्वास दिले, तिसरा दिला.

"नाही म्हणून लिहू का?" ओजस्वीनं हळूच विचारलं. "सगळ्यांना दिसणारं पान आहे."

"म्हणूनच नको." आत्यानं डोळे उघडले. "मी दोनदा जाऊन आलेय तिथं. मला विचारलंय तिनं. कानडीत सांगते, तू बोललेलं उतरवायला लाव."

मगदूमांच्या घरात मोठी माणसं अजून कानडी बोलत. ओजस्वीला तोडकीमोडकी समजायची. आत्या थांबत थांबत बोलली, आणि पडद्यावर अक्षरं उमटत गेली.

'भाग्यश्री, हो. सुरुवातीला भीती वाटते. खूप वाटते. साधारण शंभर मोजेपर्यंत. मग डोकं जड होतं, आवाज लांब जातात आणि झोप येते. ती झोप वाईट नाही. आमच्यासारख्यांना हात धरलेला कळत नाही, पाय दाबलेले कळत नाहीत. चेहऱ्यावरचं तेवढं कळतं, आणि ते अगदी शेवटपर्यंत कळतं. माझ्या भावानं दोन्ही वेळा गाल धरून ठेवला होता. तू बाबांच्या गालाला हात लावला होतास का?'

ओजस्वीनं पाठवलं. दोघी पडद्याकडे बघत बसल्या. दारात पप्पा उभे होते, ते आत आले नाहीत.

चार मिनिटांनी खाली एक ओळ आली.

'लावला होता.'